क्लॅम्प म्हणजे अर्थिंग नव्हे



वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपल्या विहारांमध्ये संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. हेच महिने पावसाचे, ओलीचे आणि घामाचे. कारखान्यांत, वर्कशॉपमध्ये शॉक लागण्याची भीती याच दिवसांत सर्वांत जास्त असते. आरोग्याच्या या पानावर आजवर आपण रक्तक्षय, मधुमेह, बाळंतपणातील काळजी असे विषय घेतले. या वेळी लोखंड कापणाऱ्या मशीनचे अर्थिंग हा विषय घेत आहोत. हे आरोग्याच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. आपल्या वस्तीतली किती मुले वेल्डर, कटर, फिटर, हेल्पर म्हणून सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात ते मोजून पाहा. आयटीआय केलेल्या काही जणांनी तर कर्ज काढून स्वतःची शेड टाकली आहे. म्हणून हा लेख कामगारासाठी आहे, तसाच आपल्यातल्या मालकासाठीही आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा एका रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका म्हणून रात्रपाळीला होतो. ऑगस्टचा पाऊस चालू होता. एका छोट्या टेम्पोतून बावीस वर्षांच्या मुलाला आणले. सोबतचा माणूस म्हणाला, "प्लेट कापता कापता चक्कर येऊन पडला. हार्टअटॅक असेल." डॉक्टरांनी तपासले. मुलगा वाटेतच गेला होता. केसपेपरवर सोबतच्या माणसाने सांगितले तेच लिहिले गेले.

अंग पुसताना आम्ही त्याच्या उजव्या हाताची मूठ उघडली. बोटाच्या पेरावर ज्वारीच्या दाण्याएवढी करडी खूण होती, मध्ये खोलगट आणि कडेला उचललेली. रक्त नाही, फोड नाही. डाव्या पायाच्या तळव्याला तशीच दुसरी. हार्टअटॅकमध्ये अशी खूण होत नाही. आम्ही डॉक्टरांना परत बोलावून दोन्ही खुणा दाखवल्या. त्यांनी त्या लिहून घेतल्या, एमएलसी केली, पुढे शवविच्छेदन झाले. वीज हातातून शिरली आणि पायातून जमिनीत गेली, हे कागदावर आले.

मुलाची आई आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. जलदान विधीच्या दिवशी बायका म्हणत होत्या, त्याची वेळ आली होती, कोण काय करणार. आईही तेच म्हणत होती, कारण तसे म्हटले की थोडे सोसते. त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. पण बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्मात कारणाशिवाय कार्य घडत नाही. या मरणालाही कारण होते आणि ते शोधता येण्याजोगे होते.

महिनाभराने मुलाचा मामा आणि ओळखीचा एक वायरमन यांना घेऊन आम्ही त्या शेडमध्ये गेलो. मालक आपल्याच समाजातला. तो दार लावून घेईल असे वाटले होते. त्याने चहा सांगितला आणि मशीन दाखवली. प्लाझ्मा कटर होता तो. "ताई, अर्थिंग नव्हते असे कोण म्हणतो? हे बघा," असे म्हणत त्याने मशीनमधून निघालेली जाड काळी केबल उचलली. तिच्या टोकाला स्प्रिंगचा मोठा क्लॅम्प होता आणि तो लोखंडी टेबलाला पकडवलेला होता. तो खोटे बोलत नव्हता. इतकी वर्षे वेल्डिंगच्या धंद्यात तो त्या क्लॅम्पलाच अर्थिंग म्हणत आला होता. त्याच्या उस्तादानेही तेच म्हटले होते.

वायरमनने काही न बोलता मशीनचा पिनटॉप हातात घेतला. वरची जाड पीन जाग्यावर नव्हती. बोर्डाच्या भोकात बसत नाही म्हणून कोणीतरी ती कापून टाकली होती. हिरवी वायर आतल्या आत गुंडाळून ठेवलेली होती.

एक शब्द, दोन वायरी

या दोन वायरींचा फरक नीट समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

प्लाझ्मा कटिंग किंवा आर्क वेल्डिंगमध्ये मशीन बोर्डाकडून वीज घेते, आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून तिचे रूप बदलते आणि टॉर्चकडे किंवा होल्डरकडे पाठवते. तिथून ती ज्वाळेतून जॉबमध्ये शिरते. आता तिला मशीनकडे परत यायला वाट हवी. ती वाट म्हणजे क्लॅम्पची काळी केबल. जशी शुद्ध रक्त नेणारी रोहिणी आणि ते परत आणणारी नीला, तशी टॉर्चची केबल आणि क्लॅम्पची केबल. ही कामाची वीज आहे. क्लॅम्प निघाला तर मशीन कापत नाही, म्हणून सगळे त्याची काळजी घेतात.

हिरवी वायर वेगळी. ती मशीनच्या पत्र्याच्या बॉडीला आत स्क्रूने कसलेली असते. तिथून पिनटॉपच्या जाड पिनेतून बोर्डात, बोर्डातून शेडबाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात जाते. रोजच्या कामात तिच्यातून काहीच वाहत नाही. ती तुटली तरी मशीन तितकेच छान कापते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिची गरज पडते ती एकाच क्षणी. मशीनच्या आत फेजची वायर सोलली, उंदराने कुरतडली किंवा लोखंडाच्या भुशाने वाट काढली, आणि बॉडीवर करंट उतरला, तर तो माणसाच्या अंगातून न जाता खड्ड्यात जावा यासाठी ती असते.

मग अशा वेळी क्लॅम्प का वाचवत नाही? कारण ट्रान्सफॉर्मरमुळे क्लॅम्पची बाजू बोर्डाच्या विजेपासून तोडलेली असते, आणि क्लॅम्पचा मशीनच्या बॉडीशी संबंधच नसतो. बॉडीवर उतरलेले २३० व्होल्ट क्लॅम्पमधून कुठेही जात नाहीत. ते तिथेच थांबतात, कोणीतरी ओल्या हाताने मशीनची कडी धरेपर्यंत.

या घोळाची उलटी बाजूही आहे. क्लॅम्प जॉबला लावायचा सोडून काही ठिकाणी तो शेडच्या खांबाला किंवा लांबच्या अँगलला लावून ठेवतात आणि 'लोखंड लोखंडाला जोडलेले आहे' म्हणतात. मग शंभर-दीडशे अँपिअरची कामाची वीज घरी परतायला मिळेल ती वाट धरते. कधी चेन ब्लॉकच्या साखळीतून, तर कधी जॉबवर ठेवलेल्या दुसऱ्या मशीनच्या बॉडीतून तिच्या हिरव्या वायरमधून. ती बारीक वायर एवढे सोसण्यासाठी नसते. ती आतल्या आत जळून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणजे एकाने क्लॅम्प चुकीचा लावला आणि दुसऱ्याच्या मशीनचे अर्थिंग गेले. म्हणून क्लॅम्प थेट जॉबवर, कापायच्या जागेजवळ, गंज आणि रंग घासून लावावा. ऑक्सिजनच्या किंवा गॅसच्या सिलिंडरला तो चुकूनही लावू नये. आणि कापायचे लोखंडी टेबल वेगळ्या वायरने खड्ड्याला जोडलेले असावे.

आम्ही शेडमध्ये जातो तेव्हा एवढे एकच मागतो. क्लॅम्पला 'क्लॅम्प' म्हणा किंवा 'रिटर्न' म्हणा, पण 'अर्थिंग' म्हणू नका. नाव चुकले की लक्षही चुकते.

माणूस मरायला किती वीज लागते

एक साधा हिशोब करू. आपल्या घरचा साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब ०.२६ अँपिअर वीज घेतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा विजेला विरोध बराच असतो. तोच हात घामाने किंवा पावसाने ओला झाला की अंगाचा विरोध साधारण एक हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागा. ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलीअँपिअर. बल्बपेक्षाही कमी.

आता शरीर काय सोसते ते पाहा. एक मिलीअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवतात. दहाच्या पुढे गेले की हाताचे स्नायू आखडतात. बोटे मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असतात, म्हणून मूठ आवळली जाते आणि सोडू म्हटले तरी सुटत नाही. लोक म्हणतात, करंटने धरून ठेवले. करंट धरत नाही, आपलाच हात धरतो. त्याच्याही वर गेले की छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो. पन्नास ते शंभर मिलीअँपिअर छातीतून सेकंदभर गेले तर हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि रक्त ढकलणे बंद होते. त्या मुलाचे बहुधा हेच झाले असावे.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे ना," असे प्रत्येक शेडमध्ये ऐकायला मिळते. बत्तीस अँपिअरचा एमसीबी बत्तीसच्या वर वीज गेली तर पडतो. माणसातून गेले ०.२३. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणूस मरतो आणि शेडमधला दिवा फडफडतसुद्धा नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे. माणसासाठी आहे तो आरसीसीबी, ज्याला जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात.

त्याचे काम समजायला सोपे आहे. फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज तो सतत तोलून पाहतो. जेवढी गेली तेवढी आली नाही, म्हणजे मध्ये कुठेतरी गळली. गळती तीस मिलीअँपिअर झाली की तो सेकंदाच्या छोट्या अंशात वीज तोडतो. हातात धरायच्या ग्राइंडरच्या, ड्रिलच्या बोर्डाला तीस मिलीअँपिअरचाच आरसीसीबी हवा. मोठ्या कटिंग मशीनला वेगळा, आणि तो किती मिलीअँपिअरचा ते लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनला ठरवू द्यावे.

मग आरसीसीबी असेल तर अर्थिंग कशाला? हा प्रश्न एका मुलाने आमच्या वर्गात विचारला होता आणि आम्हाला तो फार आवडला. उत्तर असे: अर्थिंग चांगले असेल तर बॉडीवर करंट उतरताच तो खड्ड्यात गळतो आणि कोणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर गळायला वाटच नाही. तो पडेल, पण माणसाने हात लावल्यावर, त्याच्या अंगातून गळती झाल्यावर. एका ठिकाणी मशीनची परीक्षा होते, दुसऱ्या ठिकाणी माणसाची.

आणि नुसता खड्डा पुरेसा आहे का? तोही नाही. समजा खड्ड्याचा विरोध पाच ओहम आहे. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. बत्तीसचा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही, गरम होत होत वेळ घेतो आणि तोवर बॉडी जिवंत राहते. म्हणून खड्डा आणि आरसीसीबी दोन्ही हवेत.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास केल्याची उदाहरणे आम्ही इतकी पाहिली आहेत की आता आश्चर्य वाटत नाही, राग मात्र येतो. ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडून टाकण्यातला हा प्रकार. आरसीसीबी पडतो आहे म्हणजे कुठेतरी गळती आहे. एकेक मशीन काढून लावून पाहिले तर अर्ध्या तासात सापडते. त्याच्यावर एक टेस्टचे बटन असते, ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर पडला तर आरसीसीबी चांगला आहे एवढेच कळते. अर्थिंग चांगले आहे हे त्या बटनाने कळत नाही.

खड्डा आपल्या मातीतला

भारतीय मानक ब्यूरोचे अर्थिंगचे प्रमाण आयएस ३०४३ या नावाने ओळखले जाते. पाइप अर्थिंगमध्ये साधारण अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप उभा पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात, वर पाणी ओतायला नरसाळे ठेवतात. महाराष्ट्रात अडचण अशी की वीतभर मातीखाली काळा कातळ किंवा मुरूम लागतो, आणि दोन्हींतून वीज नीट जिरत नाही. काळी माती ओली असताना उत्तम, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की पाइपापासून सुटते. म्हणून पावसाळ्यात मोजलेले अर्थिंग चांगले दिसते आणि मे महिन्यात तेच निकामी असते. मोजणी कोरड्या दिवसांत, अर्थ टेस्टरने करून घ्यावी आणि आकडा तारखेसह बोर्डाजवळ लिहून ठेवावा. काही जण फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून दाखवतात. बल्ब पेटायला पाव-अर्धा अँपिअर पुरतो, तो भिकार अर्थिंगवरही पेटतो. त्यावर विसंबू नये.

तीन फेजच्या मशीनच्या, म्हणजे मोठ्या बँडसॉ, शिअरिंग, लेथ यांच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थ पट्ट्या असाव्यात असा विजेच्या सुरक्षेचा नियमच आहे. एक गंजली तरी दुसरी राहावी. बँडसॉवर तर कूलंटचे पाणी अखंड वाहत असते. हात ओले, पाय ओले, जमीन ओली. तिथे दोन पट्ट्या हव्यातच.

आणखी एक घातक जुगाड आहे, त्याचे नाव घ्यायलाच हवे. खड्ड्याचा खर्च नको म्हणून हिरवी वायर बोर्डातच न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टर लावला तर सगळे ठीक दिसते. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला, आणि पावसात तो सुटतोच, की मशीनच्या आतल्या वाटेने पूर्ण २३० व्होल्ट बॉडीवर येतात. दोष नसलेली, कालच आणलेली मशीनसुद्धा मग मारू शकते. हिरवी वायर खिडकीच्या गजाला बांधणे हाही तसलाच प्रकार. त्या गजाला पलीकडून कोणी हात लावला तर?

हँड ग्राइंडरचा पिनटॉप कधी दोन पिनांचा असतो. त्याच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असेल, तर तो दुहेरी आवरणाचा आहे आणि त्याला अर्थिंग लागत नाही. चिन्ह नसेल तर तीन पिना हव्यात. मात्र कापताना उडणारा लोखंडाचा भुसा ग्राइंडरच्या आत साठतो आणि तोही वीज वाहतो. म्हणून चिन्ह असले तरी आठवड्याला तो हवेने फुंकून काढावा, फुंकताना डोळ्याला चष्मा आणि नाकाला फडके असावे.

प्लाझ्माबद्दल वेगळे सांगायचे ते एवढेच की, त्याची टॉर्च वेल्डिंगच्या होल्डरसारखी समजू नये. आर्क वेल्डिंगचा रिकामा व्होल्टेज साधारण ६० ते ९० असतो, प्लाझ्माचा दोनशेच्या वर जातो. नोझल बदलताना मशीन बंद करूनच बदलावे.

घरातल्या बायकांसाठी

कारखान्यात आपण जाऊ शकत नाही, पण पहिली खूण घरात येते. मुलगा किंवा नवरा जेवताना सहज म्हणतो, "मशीनला हात लावला की मुंग्या येतात," किंवा "जरा झिणझिणते, सवय झाली." त्याक्षणी ताट बाजूला ठेवायला सांगा. झिणझिणते याचा अर्थ बॉडीवर करंट आहे आणि अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. आज कोरडा बूट होता म्हणून एक मिलीअँपिअर गेला. उद्या बूट ओला असेल. सवय माणसाला होते, हृदयाला होत नाही. त्या मुलाच्या आईने आम्हाला नंतर सांगितले की तो आदल्या आठवड्यात दोनदा असे म्हणाला होता, आणि तिने त्याला हळदीचे दूध दिले होते. हे ती कोणालाच सांगत नाही. आम्ही तिला विचारूनच इथे लिहिले आहे.

शॉक लागल्यावर

धावत जाऊन माणसाला ओढू नका, दुसराही चिकटतो. आधी मेन बंद करा. मेन कुठे आहे हे शेडमधल्या प्रत्येकाला, चहा आणणाऱ्या पोरालाही, माहीत हवे. मेन सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी दांड्याने किंवा प्लास्टिकच्या पाइपने त्याला वायरपासून दूर करा. हे घरगुती दाबाच्या विजेपुरते आहे. हायटेन्शनच्या तारेजवळ मेन बंद झाल्याशिवाय जाऊच नका.

मग हाक मारा, श्वास पाहा. हालचाल नाही आणि श्वास नाही, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसा अधूनमधून आचका आहे, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि आपण छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध हाडावर तळहात, त्यावर दुसरा, कोपर सरळ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दमलात की दुसऱ्याने घ्यावे, थांबू नये. शॉकने थांबलेले हृदय बहुतेक वेळा तरुण आणि निरोगी माणसाचे असते, त्यामुळे इथे दाबण्याला अर्थ आहे. मातीत किंवा वाळूत पुरून ठेवल्याने करंट उतरतो असे अजूनही काही लोक मानतात. मेन बंद झाल्यावर अंगात करंट उरतच नाही. पुरण्यात गेलेली मिनिटे म्हणजे मेंदूला रक्त न मिळालेली मिनिटे.

आणि जो शॉक लागून उठून बसला, चहा प्यायला, 'काही नाही झाले' म्हणाला, त्यालाही दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढा, खास करून थोडा वेळ जरी बेशुद्ध पडला असेल, छातीत धडधडत असेल किंवा हात चिकटून राहिला असेल तर. विजेचा चटका बाहेर ज्वारीएवढा दिसतो, आत स्नायू भाजलेले असतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर ते भाजलेल्या स्नायूंचे द्रव्य आहे आणि त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकते. लगेच मोठे रुग्णालय गाठावे.

कागद

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. विजेच्या नियोजनाचे काम त्या वेळी त्याच खात्याकडे होते आणि १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्याच खात्याखाली उभे राहिले. कामगार आणि वीज ही दोन्ही कामे तेव्हा एकाच माणसाच्या टेबलावर होती. कामगार विम्याची मूळ तयारीही त्याच वर्षांतली, पुढे १९४८ मध्ये तिचा कायदा झाला. आज ईएसआयचे कार्ड खिशात असणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

कामावर शॉकने मृत्यू झाला तर ईएसआय असलेल्या कामगाराच्या कुटुंबाला पगाराच्या नव्वद टक्के दराने आश्रितांचे निवृत्तिवेतन मिळते. ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईचा दावा करता येतो. पण दोन्हींसाठी मृत्यू कामावर आणि विजेने झाला हे कागदावर हवे. म्हणून रुग्णालयात 'चक्कर आली' असे कोणी सांगत असेल तर घरच्यांनी तिथेच, त्याच वेळी, 'मशीनवर काम करताना पडला' असे लिहून घ्यायला लावावे. एमएलसी झाली का ते विचारावे. शवविच्छेदनाला नको म्हणू नये. पोराला आता आणखी कापू नका, असे आई म्हणते, आणि तिचे ऐकून जीव तुटतो. तरी समजावावे. विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते, विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये तशी तरतूद आहे. निरीक्षक येईपर्यंत मशीन, पिनटॉप, बोर्ड यांना कोणी हात लावू नये. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

त्या मुलाच्या आईचा दावा त्या दोन खुणांवर उभा राहिला. मालकाने तो लढवला नाही. त्याची शेड आजही चालते. दाराबाहेर डाव्या हाताला खड्डा आहे, त्यावर सिमेंटची झाकणी आणि झाकणीवर ऑइल पेंटने तारीख आणि ओहमचा आकडा. काळ्या केबलवर त्याने पांढऱ्या टेपने 'रिटर्न' असे लिहिले आहे.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात छाती दाबण्याचा सराव घेणार आहोत, ओळखीचे वायरमन दादाही येतील. मशीन आणता येणार नाही, पिनटॉप मात्र आणता येतो. कामावरून सुटताना तुटके, जळके, पीन कापलेले जे असतील ते खिशात टाकून आणा. नवे बसवून परत देऊ.